पंधरा वर्षांचा हिशेब : हजरत अब्दुल्लाह बिन उमर (रजि.)

शाळेतले जुने जनरल रजिस्टर उघडले की एक गंमत दिसते. मागच्या पिढीतल्या निम्म्याअधिक मुलांचा जन्म १ जूनला झालेला. आमच्या घरातच अब्बा, मोठे चाचा आणि फुफीजान यांचा वाढदिवस एकच, १ जून. पोराला पहिलीत बसवायला आणले की गुरुजी वय विचारायचे, बाप अंदाजाने सहा सांगायचा आणि रजिस्टरात १ जून पडायचा. शाळा जूनमध्ये सुरू व्हायची, म्हणून जन्मही जूनमध्ये!

ही झाली अज्ञानातली चूक. पण जाणूनबुजून वय बदलण्याची सवयही आपल्याकडे जुनीच आहे. नोकरीसाठी दोन वर्षे कमी, मुलीच्या लग्नासाठी दोन वर्षे जास्त, कामावर लावायचे तर चौदाचा पोरगा सोळाचा. आजही एखादे पालक दाखल्यावरची तारीख थोडी मागेपुढे करून द्या म्हणून दबक्या आवाजात विचारतात. आम्ही नाही म्हटले की त्यांचा चेहरा पडतो, आणि खरे सांगायचे तर आमचाही पडतो, कारण त्यांची अडचण खोटी नसते.

लढाईवर जाण्यासाठी वय लपवणाऱ्या मुलांच्या गोष्टीही जगभर सापडतात. पहिल्या महायुद्धात ब्रिटनमध्ये भरतीचे वय १८ होते आणि परदेशी आघाडीवर पाठवायला १९ लागत. हजारो पोरांनी वय वाढवून सांगितले. भरती करणाऱ्यांना माणसे हवी होती, त्यांनीही फारशी चौकशी केली नाही. एक मुलगा तर १२व्या वर्षी भरती झाला आणि १३व्या वर्षी फ्रान्समध्ये सोमच्या लढाईत उभा होता. शेवटी त्याच्या आईने जन्माचा दाखला सरकारकडे पाठवला, तेव्हा कुठे तो घरी परत आला. त्याला परत आणायला आईच्या हातातला कागद लागला. सेनापतीने स्वतःहून त्याला ओळखले नाही.

आपल्या इतिहासातही अशी पोरे आहेत. फरक एवढाच, की तिथे सेनापती स्वतः रांगेसमोर उभे राहून एकेका चेहऱ्याकडे बघत होते. त्या रांगेतून परत पाठवल्या गेलेल्या एका मुलाची ही कहाणी. पुढे तो मुलगा ८४ वर्षांपर्यंत जगला, आणि नमाज कशी पढावी, हज कसा करावा हे आजही आपण त्याने सांगितलेल्या हदीसींवरून शिकतो.

अब्दुल्लाह बिन उमर (रजि.) हे हजरत उमर फारूक (रजि.) यांचे चिरंजीव. आईचे नाव जैनब बिन्ते मजऊन. उम्मुल मोमिनीन हजरत हफ्सा (रजि.) ही त्यांची सख्खी मोठी बहीण. जन्म मक्केतला, हिजरतीच्या सुमारे दहा वर्षे आधीचा. वडिलांनी इस्लाम स्वीकारला तेव्हा ते अगदी लहान होते आणि हिजरत झाली तेव्हा दहा-अकरा वर्षांचे. म्हणजे आपल्या हिशेबाने पाचवीतला मुलगा. वडिलांसोबत सामान बांधून तो मदीनेला आला.

दुसऱ्याच वर्षी, हिजरी २ मध्ये (इ.स. ६२४), बद्रची वेळ आली. तीनशे तेराच्या आसपास माणसे निघाली होती, आणि त्यांत नजर चुकवून घुसू पाहणारी काही मुलेही होती. अब्दुल्लाह आणि त्यांच्याच वयाचे बरा बिन आजिब (रजि.) यांना लहान म्हणून परत पाठवण्यात आले. पण त्या दिवशीची सर्वांत मोठी गोष्ट उमैर बिन अबी वक्कास (रजि.) यांची आहे. हजरत सअद बिन अबी वक्कास (रजि.) यांचे हे धाकटे भाऊ. प्रेषितांची (सल्ल.) नजर पडू नये म्हणून उमैर इकडून तिकडे लपत होते. मोठ्या भावाने विचारले, काय चालले आहे, तर म्हणाले की मला लहान समजून परत पाठवतील, आणि मला तर जायचे आहे. झालेही तसेच. प्रेषितांनी (सल्ल.) त्यांना पाहिले आणि परत जायला सांगितले. पोरगा ढसाढसा रडला. ते रडणे पाहून परवानगी मिळाली. उमैर इतके लहानखुरे होते की तलवारीचा पट्टा त्यांना नीट बसेना. सअद (रजि.) यांनी तो स्वतःच्या हाताने आखडून बांधून दिला. बद्रमध्ये जे चौदा मुसलमान शहीद झाले, त्यांत उमैर होते. वय सोळा.

आपल्या मजलिसींमध्ये ही गोष्ट सांगतात ती उमैर यांच्या जोशाची म्हणून. बरोबरच आहे. पण आम्ही शिक्षक लोक आहोत, आमचे लक्ष सअद (रजि.) यांच्याकडे जाते. ज्या हातांनी लहान भावाच्या पट्ट्याला गाठ मारली, त्या हातांना ती गाठ नंतर किती वर्षे आठवली असेल? हे सअद पुढे या कहाणीत पुन्हा येणार आहेत.

पुढच्या वर्षी उहुद. समोर कुरैशचे तीन हजार, इकडे निघाले ते हजाराच्या आसपास. माणसांची एवढी चणचण, एकेक हात मोलाचा. तरीही मदीनेबाहेर थांबून प्रेषितांनी (सल्ल.) फौजेची पाहणी केली आणि मुलांना वेगळे काढले. अब्दुल्लाह बिन उमर, उसामा बिन जैद, जैद बिन साबित, बरा बिन आजिब, जैद बिन अरकम अशी ती नावे (रजि.). पुढच्या पन्नास वर्षांतले अर्धे विद्यापीठच त्या दिवशी घरी पाठवले गेले म्हणा ना. जैद बिन साबित यांनी पुढे कुरआन एकत्र लिहून काढण्याचे काम केले. ते त्या दिवशी उहुदवर पडले असते तर, हा विचार मनात आल्याशिवाय राहत नाही.

याच पाहणीत राफे बिन खदीज (रजि.) यांची गोष्ट घडली. आपण उंच दिसावे म्हणून ते टाचा उचलून, चवड्यांवर उभे राहिले होते असे सीरतच्या ग्रंथांत येते. वय लपवायचे तर तोंडाने खोटे बोलावेच लागते असे नाही, टाचाही खोटे बोलू शकतात! राफे चांगले तिरंदाज आहेत असे कोणीतरी सांगितले आणि त्यांना परवानगी मिळाली. ते पाहून समुरा बिन जुंदुब (रजि.) सावत्र वडिलांकडे गेले. राफेला घेतले आणि मला नाही, मी तर त्याला कुस्तीत चीत करतो, अशी त्यांची तक्रार. मग दोघांची कुस्ती लावली, समुरांनी राफेला पाडले आणि दोघेही फौजेत आले. राफे यांना उहुदवर बाण लागला. त्याचे टोक शरीरातच राहिले, आणि म्हातारपणी तीच जखम फुटून ते वारले असे सांगतात. चवड्यांवर उभे राहण्याचा हिशेब इतक्या वर्षांनी चुकता झाला.

अब्दुल्लाह मात्र परत आले. वय चौदा. त्यांच्या वडिलांचा दरारा सगळ्यांना ठाऊक होता. उमर (रजि.) यांच्यासारख्या बापाचा मुलगा म्हणून एखादा शब्द टाकता आला असता. तसे काही झाल्याचे कुठे वाचायला मिळत नाही.

हिजरी ५ मध्ये खंदकची लढाई झाली. दहा हजारांची फौज मदीनेवर चालून आली आणि हजरत सलमान फारसी (रजि.) यांच्या सल्ल्याने शहराच्या उत्तरेला खंदक खोदला गेला. थंडी, भूक, पोटाला बांधलेले दगड. या वेळी अब्दुल्लाह रांगेत उभे राहिले आणि त्यांना थांबवले गेले नाही. वय पंधरा.

वर्गात ही गोष्ट सांगितली की गणितात हुशार एखादा विद्यार्थी लगेच हात वर करतो. सर, उहुद तीन हिजरीत, खंदक पाच हिजरीत, मग चौदाचे पंधरा कसे? सोळा व्हायला हवेत. हा प्रश्न उलेमांनाही पडला होता. त्यांचे उत्तर साधे आहे : उहुदच्या वेळी चौदावे नुकतेच लागले होते आणि खंदकच्या वेळी पंधरा पूर्ण होऊन गेली होती. काही जण खंदक चार हिजरीतला मानतात. पण आम्हाला महत्त्वाचे वाटते ते दुसरेच. हा हिशेब आपल्यापर्यंत आला तो खुद्द अब्दुल्लाह (रजि.) यांच्या तोंडून. म्हातारपणी माणूस आपल्या तरुणपणाच्या गोष्टी थोड्या फुगवूनच सांगतो, आपण घरोघरी ऐकतो. हे मात्र स्वच्छ सांगत राहिले की उहुदला मला चौदाचा म्हणून नाकारले आणि खंदकला पंधराचा म्हणून घेतले. माझी पहिली लढाई खंदकची. बद्री सहाबींचा मान केवढा, हे त्यांच्याइतके कोणाला ठाऊक होते? पण त्या मानाकडे त्यांनी टाचा उचलल्या नाहीत.

त्यानंतर ते जवळपास सगळीकडे दिसतात. हुदैबियाला हजरत उमर (रजि.) यांनी त्यांना एका अन्सारी माणसाकडून घोडा आणायला पाठवले. वाटेत झाडाखाली लोक प्रेषितांच्या (सल्ल.) हातावर बैअत करताना दिसले. अब्दुल्लाह यांनी तिथेच बैअत केली, मग घोडा आणला आणि वडिलांना खबर दिली. तेव्हा कुठे उमर (रजि.) गेले. त्यावरून लोकांत अफवा पसरली की मुलगा बापाच्या आधी मुसलमान झाला होता. पुढे त्यांचे शागिर्द नाफे यांना बसून खुलासा करावा लागला की ती बैअतची गोष्ट आहे, इस्लाम कबूल करण्याची नव्हे.

हिजरी ८ मध्ये आजच्या जॉर्डनमधल्या मुअताच्या मोहिमेत ते होते. जैद, जाफर आणि अब्दुल्लाह बिन रवाहा (रजि.) असे तिन्ही सरदार एकामागून एक शहीद झाले. लढाईनंतर जाफर (रजि.) यांचा शोध घेणाऱ्यांत हा अठरा वर्षांचा तरुण होता. देह सापडला तेव्हा त्याने जखमा मोजल्या. भाले आणि तलवारींच्या पन्नास जखमा, एकही पाठीवर नाही. दुसऱ्या एका रिवायतीत नव्वदीच्या वर आकडा येतो. जाफर (रजि.) यांच्या बहादुरीसाठी आपण हा आकडा सांगतो. मोजणाऱ्याचे काय झाले असेल, हे सहसा कोणी विचारत नाही. चार-पाच वर्षांपूर्वी ज्याला लढाईवर घ्या म्हणून उभे राहायचे होते, त्याने लढाई म्हणजे काय ते असे बोटांवर मोजून पाहिले.

त्याच वर्षी, मक्केच्या विजयानंतर, आणखी एक प्रसंग घडला. हजरत खालिद बिन वलीद (रजि.) यांना बनू जजीमा कबिल्याकडे इस्लामची दावत द्यायला पाठवले होते. त्या लोकांना इस्लाम स्वीकारला हे नीट शब्दांत सांगता आले नाही, आम्ही धर्म बदलला अशा अर्थाचा जुना शब्द ते वापरत राहिले. गैरसमज झाला. माणसे मारली गेली, कैद झाली, आणि नंतर प्रत्येकाने आपापला कैदी मारावा असा हुकूम निघाला. अब्दुल्लाह यांनी सरळ सांगितले की मी माझा कैदी मारणार नाही आणि माझ्या साथीदारांपैकीही कोणी मारणार नाही. बात प्रेषितांपर्यंत (सल्ल.) गेली तेव्हा त्यांनी हात उचलून, खालिदने जे केले त्याच्याशी आपला संबंध नाही असे अल्लाहपुढे दोनदा सांगितले. खालिद (रजि.) यांचा दर्जा आपल्या मनात आहे तसाच आहे, ती चूक समजुतीतली होती. पण सेनापतीच्या तोंडावर नाही म्हणणाऱ्या त्या मुलाचे वय बघा : जेमतेम अठरा-एकोणीस.

तरुणपणी ते मस्जिदीतच झोपत. एकदा स्वप्नात दोन फरिश्ते त्यांना आगीकडे घेऊन जाताना दिसले. स्वतः विचारायची हिंमत नव्हती, म्हणून आपाला, म्हणजे हफ्सा (रजि.) यांना सांगितले. त्यांनी प्रेषितांना (सल्ल.) सांगितले. उत्तर आले की अब्दुल्लाह माणूस चांगला आहे, रात्रीची नमाज पढत असता तर! त्यानंतर ते रात्री फार थोडे झोपत. नबींच्या (सल्ल.) पावलांवर पाऊल ठेवण्याची त्यांची तऱ्हा तर जगावेगळीच. प्रवासात प्रेषित ज्या झाडाखाली थांबले, तिथे हेही थांबत, आणि ते झाड सुकू नये म्हणून त्याच्या मुळाशी पाणी घालत.

हजरत उमर (रजि.) खलिफा झाले आणि बैतुलमालमधून वेतने ठरली. पहिल्या मुहाजिरांना चार हजार, अब्दुल्लाह यांना साडेतीन हजार. लोक म्हणाले, हेही मुहाजिरच आहेत, मग पाचशे कमी का? उमर (रजि.) म्हणाले की याला तर याच्या आईवडिलांनी आणले, हा स्वतःहून हिजरत करणाऱ्यासारखा नाही. पुन्हा वयच आडवे आले! पण यावेळी बापाने ते स्वतः लावून धरले. शहादतीच्या वेळी पुढचा खलिफा निवडायला सहा जण नेमले, तेव्हाही अब्दुल्लाह सल्ल्यापुरते हजर राहतील, खिलाफतीत त्यांचा वाटा नाही, असे सांगून गेले. मंत्र्याच्या मुलाला तिकीट ठरलेलेच, हे बघण्याची सवय असलेल्या आपल्या डोळ्यांना हे वाचताना जरा त्रास होतो. हजरत उस्मान (रजि.) यांनी काजीपद देऊ केले, तेही अब्दुल्लाह यांनी घेतले नाही.

मग आली ती वर्षे, ज्यांच्याबद्दल आपल्याकडे आवाज खाली करून बोलतात. उस्मान (रजि.) शहीद झाले. हिजरी ३६ मध्ये जमल, ३७ मध्ये सिफ्फीन. मुसलमानांची तलवार मुसलमानांवर. अब्दुल्लाह बिन उमर (रजि.) कोणत्याच फौजेत गेले नाहीत. आणखी कोण गेले नाहीत? उसामा बिन जैद (रजि.), उहुदच्या वेळी त्यांच्यासोबत परत पाठवलेला तो मुलगा. आणि सअद बिन अबी वक्कास (रजि.), ज्यांनी उमैरचा पट्टा बांधला होता. आम्ही यातून मोठा सिद्धांत काढणार नाही, कारण दोन्ही बाजूंना सहाबीच होते आणि आपली जीभ आपण सांभाळावी हेच बरे. पण ही नावे एकत्र वाचली की मन थबकते.

खिलाफत त्यांच्या दारात एकापेक्षा जास्त वेळा आली. सिफ्फीननंतर तडजोडीच्या बैठकीत त्यांचे नाव पुढे आले. तिथे जायलाही ते तयार नव्हते, आपण न गेल्याने फूट पडेल असे हफ्सा (रजि.) यांनी समजावले तेव्हा गेले. भर सभेत अमीर मुआविया (रजि.) खिलाफतीवरच्या आपल्या हक्काबद्दल बोलले, तेव्हा उत्तर त्यांच्या ओठांवर आले होते. पण आपल्या एका वाक्याने रक्त सांडेल हे लक्षात आले आणि त्यांनी ते गिळले. हे त्यांनीच नंतर सांगितले आहे. लोकांनी त्यांना दुबळे म्हटले, जबाबदारी टाळणारे म्हटले. काही रिवायतींत तर येते की अखेरच्या काळात त्यांना स्वतःलाही एक खंत होती, बंडखोर गटाशी लढलो नाही याची. तो गट कोणता, यावर उलेमांत मतभेद आहेत. म्हणजे हा रस्ता त्यांच्यासाठी सोपा होता असे कोणी समजू नये.

अब्दुल्लाह बिन जुबैर (रजि.) यांच्या काळात दोन माणसे त्यांच्याकडे आली. तुम्ही उमरचे पुत्र, नबींचे सोबती, आणि घरात बसलात? कुरआनने फित्ना संपेपर्यंत लढायला सांगितले नाही का? त्यांचे उत्तर असे, की आम्ही लढलो आणि फित्ना संपला. तुम्हाला लढायचे आहे ते फित्ना उभा राहावा म्हणून. भावाचे रक्त अल्लाहने हराम केले आहे, तेच मला थांबवते.

पण घरात बसणे म्हणजे घाबरणे नव्हे, हे हिजरी ७३ मध्ये (इ.स. ६९२) सगळ्यांनी पाहिले. हज्जाज बिन यूसुफच्या फौजेने मक्केला वेढा घातला, इब्ने जुबैर (रजि.) यांना शहीद केले आणि त्यांचा देह दहशत बसावी म्हणून रस्त्यावर टांगला. लोक मान खाली घालून बाजूने निघून जात. ऐंशी ओलांडलेले अब्दुल्लाह बिन उमर (रजि.) तिथे थांबले. मोठ्याने सलाम केला, तीन वेळा. मी तुम्हाला यापासून रोखत होतो, असे म्हणाले, आणि मग हा माणूस रोजे ठेवणारा, रात्री उभा राहणारा, नाती जपणारा होता अशी साक्ष दिली. हज्जाजपर्यंत खबर गेली. त्याने माणसे पाठवून देह खाली उतरवला.

त्यानंतरच्या हजमध्ये मिनाच्या गर्दीत एका भाल्याचे टोक त्यांच्या तळपायात घुसले. पाय रिकिबीला चिकटला. सोबत असलेल्या सईद बिन जुबैर यांनी उतरून तो सोडवला. हज्जाज विचारपूस करायला आला. कोणी केले हे कळले तर बघतो त्याला, असे म्हणाला. तूच केलेस, ते म्हणाले. ज्या दिवशी हत्यार बाळगत नाहीत त्या दिवशी तू हत्यारे आणलीस, आणि ज्या हरममध्ये ती आत येत नाहीत तिथे तू ती आत आणलीस. त्याच जखमेने मक्केत त्यांचा इंतकाल झाला.

मागे राहिल्या दोन हजार सहाशे तीस हदीसी. हजरत अबू हुरैरा (रजि.) यांच्यानंतर सर्वांत जास्त त्यांच्याच. आणि राहिले नाफे. हे मुळात त्यांचे गुलाम. त्यांच्यासाठी मोठी रक्कम देऊ केली गेली तेव्हा अब्दुल्लाह (रजि.) यांनी विकण्याऐवजी त्यांना आजाद केले. नाफेंचे शागिर्द इमाम मालिक. मालिक, नाफे, इब्ने उमर ही हदीसींची साखळी मुहद्दिसांनी सोन्याची म्हणून नावाजली.

पंचवीसएक वर्षांनी उमर बिन अब्दुल अजीज खलिफा झाले. अब्दुल्लाह बिन उमर (रजि.) हे त्यांच्या आईचे चुलते. नाफे त्यांच्याकडे गेले आणि ती जुनी गोष्ट सांगितली : उहुदला चौदा म्हणून परत, खंदकला पंधरा म्हणून आत. खलिफांनी ऐकून घेतले आणि म्हणाले की लहान आणि मोठा यांच्यातली हद्द हीच. मग त्यांनी सगळ्या प्रांतांच्या अधिकाऱ्यांना पत्रे लिहिली, की पंधरा पूर्ण झालेल्याला लढणाऱ्यांचे वेतन लावा, आणि त्याहून लहान असेल त्याला मुलांमध्ये मोजा.